पट्टीची घडी मोडताना

माझा स्वभाव तापट आहे हे अख्ख्या उचगावाला ठाऊक आहे. विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्रालाही ते कळून चुकलं असावं, कारण दोन वर्षं मी त्याच्याशी रोज भांडत होते. त्या यंत्राचं काम एकच. प्लास्टिकची पातळ पट्टी वाकवायची, सरळ करायची, पुन्हा वाकवायची. दिवसभर पट्टी अशी वाकत राहायची, म्हणून आम्ही त्याला ‘नमस्कारवालं’ म्हणायचो.

पट्टी मी बनवलेली. तिच्यावर चांदीच्या शाईच्या बारीक रेघा आणि त्यावर एका रसायनाचा लेप. हवेत अमोनिया आला की लेपातून जाणारी वीज बदलते, आणि पट्टीला जोडलेली काडेपेटीएवढी डबी ते मोबाइलला कळवते. मोबाइलवरची रेघ वर चढते. बर्फाच्या कारखान्यात, दूध थंड करायच्या खोल्यांत अमोनिया गळतो. तिथल्या माणसांनी ही पट्टी घड्याळासारखी मनगटावर बांधावी, असा माझा बेत होता.

बेत झकास होता. यंत्रावर पट्टी हजारो नमस्कार घालून ठणठणीत राहायची. पण माणसाच्या हातावर बांधली की दोन दिवसांत मान टाकायची. सूक्ष्मदर्शकाखाली बघावं तर लेपाला वाळत घातलेल्या पापडासारख्या भेगा. वरून प्लास्टिकचं आवरण घालून पाहिलं. भेगा थांबल्या, पण वायूच आत जाईना. म्हणजे नाक वाचवायचं म्हणून नाकात बोळे कोंबल्यासारखं झालं.

शेवटी आमच्या सरांनी सांगितलं, “मनगटावर आठ दिवस टिकली तर याच लेपावर प्रबंध लिहा. नाही टिकली तर हा लेप सोडा आणि नव्यानं सुरुवात करा.” नव्यानं म्हणजे दोन वर्षं पाण्यात, आणि ते त्या संध्याकाळी आत्तींना सांगून मी चांगलीच तणतणले. त्या लेपाची एकच चांगली पट्टी उरली होती. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःच्याच हातावर बांधायची असं ठरवून मी ती घरी आणली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली.

सासूबाईंना मी आत्ती म्हणते. त्यांनी विचारलं, “हे काय गं नवीन?”

“पट्टी हाय, आत्ती. उद्या घडी मोडायची हिची,” मी गमतीनं म्हणाले, आणि झोपायला गेले.

आता, आमच्या घरात नव्या कापडाची घडी ज्याचं त्यानं मोडायची नसते. ती मोडायचा मान शेजारच्या आक्काचा. आक्का मूळची गडहिंग्लजकडची, सत्तरीला आलेली, दारात सात म्हशी. तिनं घडी मोडलेलं लुगडं फाटत नाही, अशी आत्तींची ठाम समजूत. माझ्या लग्नातला शालूसुद्धा माझ्याआधी तासभर तिच्या अंगावर होता. फोटोही आहे.

सकाळी उठून बघते तर फळीवर पट्टी नाही.

“आत्ती, पट्टी कुठाय?”

“रातीच आक्काला दिली की. तूच म्हणालीस न्हवं, घडी मोडायची म्हणून?”

मोबाइल घेऊन अनवाणीच शेजारच्या गोठ्यात पळाले. आक्का म्हशीखाली बसून धार काढत होती. मनगटावर काचेच्या बांगड्या, बांगड्यांखाली विटक्या हिरव्या फडक्याची पट्टी. माझी चांदीची रेघ कुठंच दिसेना.

“आक्का! माझी पट्टी?”

“हातातच हाय की. कशाला वरडालीस? म्हस बुजंल.”

“आणि हे फडकं?”

“उघडी बोचालती गं. दोन्ही अंगानं अस्तर लावलं, डबीसकट, जुन्या लुगड्याचं. अस्तराबिगर पोलकं टिकतंय व्हय?”

सुई कुठं घातली असेल कुणास ठाऊक! तोंड उघडलं होतं ते भांडायलाच. तेवढ्यात हातातल्या मोबाइलकडे लक्ष गेलं. रेघ चढत होती. गोठ्यातल्या ओल्या मुताचा अमोनिया त्या फडक्यातून पट्टीला बरोबर लागत होता. मी आक्काला अंगणात नेलं, रेघ उतरली. आत आणलं, चढली. पुन्हा बाहेर चल म्हटल्यावर ती म्हणाली, “धार काढू का तुझ्यासंगट फुगडी खेळू?”

सरांना फोन केला. ते आधी हसले, मग शिकवल्यागत बोलू लागले. पट्टी वाकली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते, आणि मधल्या थराला कसलाच त्रास होत नाही. दोन्हीकडून अस्तर लागल्यामुळं लेप मधोमध आला. बांगड्यांचं घासणं वाचलं, आणि कापड असल्यानं वायूही अडला नाही. मधल्या थराचं हे गणित मी पुस्तकात दहा वेळा वाचलं होतं. पण सुईदोरा घ्यावा असं काही मला सुचलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, तो हाच. मी गोठ्यात उभी राहून एकटीच हसत सुटले.

पट्टी आक्काच्या हातावरच ठेवली. तिनं ती घालून शेण काढलं, भाकरी थापल्या, धुणं आपटलं. “जपून गं,” म्हटलं की म्हणायची, “जपून ठेवायची तर बांधलीस कशाला?” पाचव्या दिवशी ती न सांगता एसटीनं गडहिंग्लजला भाचीच्या लग्नाला गेली. मी दिवसभर धड जेवले नाही. संध्याकाळी परतली ती तोऱ्यात. “समद्यांनी इचारलं, कसलं घड्याळ म्हणून. वास सांगणारं हाय, म्हटलं. तुमच्या मांडवात लई वास मारतोय म्हणून सांगालंय.” मी मोबाइल जोडला. रेघ जिवंत होती.

आठव्या दिवशी सकाळी मी गोठ्याच्या दारात उभी राहिले. आक्का धार काढायला बसली, आणि रेघ चढू लागली, पहिल्या दिवशी चढली होती तेवढीच. मी अशी किंचाळले की म्हैस बुजली, तिनं लाथ झाडली आणि भरलेली चरवी आडवी झाली. गोठाभर दूध.

“आक्का, चुकलं माझं,” मी चरवी उचलायला वाकले.

“सांडू दे गं,” ती म्हणाली. “म्हस सांजंला परत दील दूध. तुझी दोन वर्सं कोण परत देणार हुतं?”

दोन वर्षांचं मी तिला कधीच सांगितलं नव्हतं. ते आत्तींनी सांगितलं होतं, पट्टी तिच्या हातात देतानाच.