बाळंतिणीचा डबा

परगावी जाणाऱ्याच्या पिशवीवर सगळ्या गल्लीचा हक्क असतो, असं आमच्या भडगावात अजूनही मानतात. कोणी पुण्याला निघालं तरी चार जण डबे घेऊन दारात उभे. माझी थोरली बहीण तर मस्कतला निघाली होती. लेकीचं पहिलं बाळंतपण, रक्तदाब वाढलेला, डॉक्टरांनी पलंगावरून उठू नको म्हणून सांगितलेलं आणि जावई पंधरा-पंधरा दिवस वाळवंटात कामावर. पोर तिथे चार भिंतींत एकटी पडून होती. बहीण वेळेवर पोचली नाही तर काय होईल, हे आम्ही कोणी तोंडाने बोलत नव्हतो.

सामान भरायचं काम माझ्याकडे आलं. याला कारण माझं तोंड. मी बिबडे करून विकते. ज्वारीचं पीठ शिजवून, लसूण-तीळ-मिरची घालून ओल्या फडक्यावर थापायचं आणि गच्चीवर वाळवायचं, असा धंदा. वैशाखात उन्हात उभं राहून माणसाचा स्वभाव जसा होतो तसा माझा झालाय. कोणाचाही डबा आला की मी त्याच्यासमोरच उघडते. एकीने लोणच्याचा पाच किलोचा डबा आणला, त्यातलं पाव किलो ठेवून बाकीचं मी तिच्याच हातात परत दिलं. लोकांना राग येतो. येऊ दे. बहिणीला भीड पडते, मला पडत नाही, म्हणून तर मला बसवलं होतं.

निघायच्या दोन दिवस आधी दुपारी बहिणीची ओटी भरायला बायका जमल्या. ऊन इतकं की रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. पंखे गरम हवा फेकत होते. त्यातच ती आली. पन्नाशीची, हिरवं लुगडं, दोन्ही खांद्यांवरून पदर, कपाळावर ठसठशीत कुंकू. चप्पल ओळीत नीट काढली, थेट देवापाशी जाऊन हात जोडले आणि बायकांत बसली. पाण्याचा तांब्या कुठे असतो हे तिला विचारावं लागलं नाही. आमच्याच बोलीत बोलत होती, बहिणीच्या लेकीचं नाव घेऊन विचारत होती, जावयाच्या कामाचं विचारत होती. ओटी भरताना तिचे हात बहिणीच्या हातांना लागले तेव्हा ते गार होते, असं बहीण नंतर म्हणाली. त्या उन्हात गार हात कसे, याचं तिला तेव्हाही नवल वाटलं होतं.

आलेल्या पाहुणीला 'तुम्ही कोण?' असं विचारायची आपल्याकडे रीत नाही. बहिणीला वाटलं, माझ्या ओळखीची असेल. मला वाटलं, तिच्या सासरची असेल. शेजारणींना वाटलं, आमची कोणीतरी असेल. सगळ्या तिला अक्का म्हणत होत्या आणि ती सगळ्यांना ओ देत होती.

फराळात माझे भाजलेले बिबडे होते. तिने एक मोडून तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"असा बिबडा मनी माय करे," ती म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "हाई हात कोन्हा शेत?"

मी विरघळले. लपवून काय उपयोग? वर्षभर बायका भावासाठी घासाघीस करतात, हातांबद्दल कोणी बोलत नाही. मी आत जाऊन माझ्या छापाच्या पिशवीत दोन डझन बिबडे भरून तिच्या मांडीवर ठेवले. पैसे देऊ लागली तर तिलाच रागावले.

मग तिने पिशवीतून स्टीलचा डबा काढला. झाकणाभोवती कणकेची पट्टी लावून वाळवलेली होती, पूर्वी बायका दूरच्या प्रवासाचे डबे असे बंद करत. तिची सूनही मस्कतमध्येच बाळंत झालेली, आठच दिवसांची ओली बाळंतीण. "मेथीना लाडू शेत. मना पोऱ्या इमानतळवर येई, त्याले एवढा डबा देज्यात."

बाळंतिणीच्या लाडवाला कोणी नाही म्हणत नाही. आणि बाळंतिणीचा डबा तिच्याआधी दुसऱ्या कोणी उघडायचा नाही, हे आमच्या आईने आम्हा दोघींच्या डोक्यात लहानपणापासून घातलेलं. तिचं अन्न उष्टावलं की बाळाला बाधतं म्हणे. मी, सगळ्यांचे डबे उघडणारी, तो डबा तसाच हातात घेऊन आत गेले. रीत आडवी आली, हे खरं. पण खरी आडवी आली ती माझ्या बिबड्यांची स्तुती. दुसरी कोणी असती तर मी रीत बाजूला ठेवली असती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात सामान मोजायला बसले. घरात बाकी कोणी नव्हतं. डबे भिंतीशी ओळीने ठेवलेले: डिंकाचे लाडू, आळिवाचे लाडू, गुळपापडी आणि शेवटी तो. वैशाखात मुंग्या यायच्याच. ताटांत पाणी घालून त्यांत डबे ठेवायला मी विसरले होते. लाल मुंग्यांची रांग पहिल्या डब्यावर चढली होती, दुसऱ्यावर चढली होती, तिसऱ्यावरही. चौथ्याकडे मात्र रांग वीतभर अंतरापर्यंत येत होती आणि वळून परत जात होती. मी किती तरी वेळ बघत बसले. एक मुंगी पुढे जाईना. मेथीच्या लाडवातही गूळच असतो की.

मी डबा उचलला. रोज किलो-किलो बिबडे तोलणारा हात आहे माझा, लाडवांचं वजन त्याला कळतं. हे वजन लाडवांचं नव्हतं.

बहिणीला हाक मारली. मी कणीक खरवडायला लागले तशी ती ओरडली, "नको वं, बाळंतीणना डबा शे! तिले काय वाटी?"

"तिले म्हणजे कोन्ले?" मी विचारलं. "कोन शे ती?"

"तुन्हा ओळखनी ना?"

"मी समजनी तुन्हा सासरनी."

मग बहिणीने स्वतःच सुरी पुढे केली. वर लाडवांचा एकच थर होता. त्याखाली पत्र्याचा दुसरा तळ आणि त्याखाली खाकी चिकटपट्टीत आवळलेली पुडकी. त्यांत काय होतं हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण हिंग-जिरं कोणी असं बांधत नाही, एवढं आम्हाला कळलं.

बहिणीने फोनवर आदल्या दिवसाचे फोटो उघडून बघितले. प्रत्येक फोटोत ती होती आणि एकाही फोटोत तिचा चेहरा नव्हता. एकात पदर पुढे ओढलेला, एकात पाठ, एकात तोंडासमोर ताटली धरलेली. ओटी भरतानाच्या फोटोत नुसते हिरव्या बांगड्यांचे दोन हात. आमच्या घरात तासभर बसलेल्या, जेवलेल्या बाईचा चेहरा आम्ही दोघी आठवू लागलो तर दोघींना वेगवेगळा आठवला.

भाऊजी, म्हणजे बहिणीचे यजमान, आले. मी म्हटलं, पोलिसात जाऊ. हे मी म्हटलं होतं, पण एकदाच म्हटलं. भाऊजी म्हणाले, एकदा चौकशी लागली की पहिल्यांदा पासपोर्ट जमा होईल, मग कसलं विमान. बहीण रडायलाच लागली, "मनी पोर तठे एकली शे."

धरणाचं आवर्तन सुटलेलं होतं, गिरणा नदीला दोन्ही काठ भरून पाणी होतं. भाऊजींनी डबा गोणपाटात बांधला, मोटारसायकलने पुलावर गेले, भर उन्हात पाण्यात टाकला आणि परत येऊन हातपाय धुऊन जेवायला बसले. मला इतकं हलकं वाटलं की संध्याकाळी मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. आता लाज वाटते, पण तेव्हा तसंच वाटलं होतं.

बहीण मस्कतला उतरली. ढकलगाडी ढकलत बाहेर आली तर गर्दीतून एक माणूस हसत पुढे आला आणि अगदी आपल्या गल्लीतला असावा तसं म्हणाला, "अक्का, डबा लई उन्यात का?"

डबा आणला का, या प्रश्नाला तिच्या तोंडून कसंबसं "नई" निघालं. त्याने तिच्या पिशव्यांवरून एकदा नजर फिरवली, "बरं, बरं" म्हणाला आणि गर्दीत गेला. तीन महिने ती त्या घरात खिडकीचे पडदे लावून राहिली. पण बाळंतपण सुखरूप झालं, मुलगी झाली. आम्ही पेढे वाटले आणि तो डबा घरात कोणी पुन्हा काढायचा नाही, असं न ठरवता ठरलं.

पोळ्याच्या आसपास एक तरुण बाई माझ्या दारात उभी राहिली. साक्रीहून दोन बस बदलून आली होती. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"तुम्हनी नणंद कठे शे?" तिने विचारलं.

"माले नणंद नई," मी म्हटलं. माझे यजमान एकुलते एक.

तिने पिशवीतून एक रिकामी पिशवी काढून माझ्यासमोर धरली. माझ्या छापाची, माझ्या बिबड्यांची.

तिची आई ज्येष्ठात मोठ्या लेकीच्या बाळंतपणाला आखातात गेली होती. निघायच्या आधी ओटी भरायला एक अक्का आल्या. हिरवं लुगडं. सोबत बिबडे आणले होते, "भडगावच्या बिबडेवाल्या माझ्या भावजयीच्या हातचे" म्हणून सगळ्यांना वाटले. तिची आई दोनदा बाजारात माझ्याकडून बिबडे घेऊन गेली होती, तिला माझा हात ठाऊक होता. म्हणून तिने बाळंतिणीचा डबा न उघडता सामानात ठेवला. तिकडच्या विमानतळावर तो उघडला गेला. आई तेव्हापासून तुरुंगात. तिकडचा वकील म्हणतो, तिला डबा कोणी दिला हे दाखवता आलं तरच काही करता येईल.

"तुम्हना घरनी म्हणीसन आम्ही तिले घरमा घिदं," ती म्हणाली. तिने आवाज चढवला नव्हता.

मी तिला सगळं सांगितलं. मुंग्यांपासून पुलापर्यंत. तिच्या चेहऱ्यावर मला आधी आशा दिसली, ते मी विसरू शकत नाही. बहीण म्हणाली, तू बोललीस तर तुझा-माझा संबंध संपला. मी तरीही बोलले. धुळ्याला वकिलाकडे गेले, मग पोलीस ठाण्यात गेले. वकिलाने सगळं लिहून घेतलं, चेहरा नसलेले फोटो पाहिले आणि विचारलं, "तो डबा कुठे आहे?"

"गिरणेत."

त्याने पेनाला टोपण लावलं. "मग हे नुसतं तुमचं म्हणणं झालं, बाई. तसाच दुसरा डबा समोर ठेवता आला असता तर गोष्ट वेगळी होती."

तिची आई अजून सुटलेली नाही. आमचा संसार वाचवायला आम्ही जे पाण्यात टाकलं, तेच तिला बाहेर काढणार होतं. हे माझ्या मनातून जात नाही आणि जाऊही नये.

वैशाखात आवर्तन बंद झालं की गिरणेचं पात्र उघडं पडतं. बिबडे गच्चीवर टाकून मी दुपारी पुलाखाली जाते. ती लेक साक्रीहून येते. ती एका काठाने, मी दुसऱ्या काठाने, वाळूत काठी खुपसत जातो. म्हशी धुणारे आधी विचारायचे, आता विचारत नाहीत. पुलावरून लोक काय काय टाकतात, केवढे डबे निघतात. देवाचे, औषधांचे, कोणाच्या अस्थींचे. झाकणं गंजलेली असतात, हात लावावासा वाटत नाही. ती वाळू झटकून डबा माझ्याकडे देते आणि म्हणते, "उघाडा, अक्का."

मी उघडते. एकही न उघडता ठेवत नाही.