सासूबाईंच्या मांडीवरचं कुत्रं

हायवेवर कुणीतरी गाडीतून सोडलेलं पांढरं, केसाळ कुत्रं आमच्या जळकोटच्या शेतात आलं. गळ्यात पट्टा तसाच होता. सासूबाई म्हणाल्या, “घरात घ्यायचं न्हाय हं.” पण दुधात भाकरी कुस्करून त्यांनीच घातली. बरेच दिवस वाट पाहिली, न्यायला कुणी आलं नाही. मग आम्ही दोघी त्याला लस टोचायला घेऊन निघालो.

जीपवाला म्हणाला, “मावशी, कुत्रं चालणार न्हाय.”

“माझ्या मांडीवर बसंल, तुझ्या सीटवर न्हाय,” म्हणत सासूबाई आत बसल्यासुद्धा. सगळी जीप हसली.

दवाखान्यात सुई टोचली कुत्र्याला, पण “आई गं!” ओरडल्या सासूबाई. डॉक्टरांनी हसत विचारलं, “मालक कोण ह्याचा?”

मी तोंड उघडायच्या आत त्या म्हणाल्या, “मीच की!”