बोर्डवाल्यांचं घरगुती एक्स्चेंज

कारखान्यात त्यांना सगळे बोर्डवाले म्हणत. उभा जन्म टेलिफोनच्या बोर्डापुढे गेला. साहेबांना गोदाम, गोदामाला फाटक जोडायचं, "बोला, जोडून दिलंय" म्हणायचं आणि लाइनवरून बाजूला व्हायचं. दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, हा त्यांचा नेम. बायको कुरकुरायची, "एवढी वर्षं तिथं बसलात, पण एक बातमी म्हणून घरी आणली नाहीत."

निवृत्तीनंतर जोडायला उरली दोनच माणसं, आणि ती काही जुळेनात. मुलगा एका देशात, मुलगी दुसऱ्यात. आई गेली तेव्हा विमान चुकून मुलगा उशिरा पोचला, आणि मुलगी दारातच म्हणाली, "या, पाहुणे आले." तेव्हापासून दोघांत अबोला. बापाला दोघंही न चुकता फोन करत, पण दुसऱ्याचा विषय निघाला की दोघांचीही भाजी करपायला लागे.

आपल्यामागे ही दोघं एकमेकांची कोणीच राहणार नाहीत, हे बोर्डवाल्यांच्या जिवाला लागलं होतं. त्यांनी इंटरनेटवरून फोन जोडणाऱ्या तीन डब्या मागवल्या. एक स्वतःच्या टेबलावर ठेवली, दोन कुरियरने पाठवल्या, सोबत नंबर न दाखवणारे, बिनपडद्याचे साधे फोन.

"बाबा, हातात मोबाइल असताना हे कशाला?" मुलाने विचारलं.

"मोबाइलवर मला नीट ऐकू येत नाही." कान त्यांचे ठणठणीत होते.

मुलीने वायर भलत्याच भोकात खुपसली आणि वर डबीलाच नावं ठेवली. तिला समजावता समजावता त्यांचा घसा बसला, पण अखेर दिवा हिरवा झाला.

मग एका दुपारी, तिन्ही घरं जागी असतील अशी वेळ गाठून, त्यांनी दोन्हीकडे एकदम घंटी वाजवली. बेत साधा होता. प्रत्येकाला वाटेल समोरच्यानेच फोन केलाय, आणि आपण गुपचूप बाजूला व्हायचं; बोर्डासारखीच, आपण निघालो तरी त्यांची लाइन चालू राहणार.

"हॅलो बाबा," मुलगी म्हणाली.

"बाबा नाही, मी," मुलगा म्हणाला.

"तू? तू फोन केलास?" तिचा आवाज एकदम मऊ झाला. मुलगा घुटमळला, पण नाही म्हणाला नाही. सगळं जमत आलं होतं. इतक्यात जन्माच्या सवयीने बोर्डवाल्यांच्या तोंडून निघालं, "बोला, जोडून दिलंय."

सगळं मुसळ केरात. आता दोघंही फोन आपटणार, हे त्यांनी धरूनच चाललं. ऐकत राहावंसं फार वाटलं, पण नेम तो नेम. त्यांनी रिसीव्हर ठेवला.

चहा केला, तो प्यायचा राहिला. बऱ्याच वेळाने, माफी मागावी म्हणून, धीर करून त्यांनी मुलीचा नंबर लावला. एंगेज. मुलाचा लावला. एंगेज.

एंगेजच्या याच आवाजापायी त्यांनी जन्मभर साहेबांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्यांनी मुलीचा नंबर पुन्हा लावला आणि खुर्चीत नीट टेकून ऐकत बसले.