तेलाच्या गावचे पाहुणे

जपानमधल्या या सेंदाई शहरात थंडी पडली की घराघरांतल्या हीटरसाठी दुपारी रॉकेलची गाडी फिरते. लहान मुलांच्या गाण्याची धून वाजवत ती इतकी सावकाश जाते की आवाज नक्की कुठल्या गल्लीतून येतोय तेच कळत नाही. नवऱ्याच्या संशोधनामुळे आम्ही इथे आलो, त्या पहिल्या हिवाळ्यात मी खिडकीशी बसून ती धून ऐकायचे आणि माझे डोळे आपोआप मिटायला लागायचे.

खालच्या मजल्यावर व्हेनेझुएलाची एक बाई राहायची. माझ्यासारखीच नवऱ्याच्या नोकरीमागे आलेली. जपानी भाषेच्या वर्गात आम्ही शेजारी बसायचो आणि अर्धवट इंग्रजीत, त्याहून अर्धवट जपानीत तासन्‌तास बोलायचो. त्या वर्षी तिचे वडील तिच्याकडे आले. उभी हयात तेल कंपनीत इंजिनीअर म्हणून गेलेली. बायको वारल्यावर तिकडे एकटेच उरले, म्हणून मुलीनं बोलावून घेतलं. मी त्यांना आजोबाच म्हणायचे.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा ते मुलीच्या मागोमाग नुसत्या स्वेटरवर खाली उतरले. मी माझा लाल कॅन घेऊन उभीच होते. गाडीवाल्यानं नळी लावली तसं आजोबांनी डोळे मिटले, खोल श्वास घेतला आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणतात?" मी मैत्रिणीला विचारलं.

"म्हणतात, घरी आल्यासारखं वाटलं."

मग दुपारी मी चहा घेऊन त्यांच्याकडे जाऊ लागले. आजोबा बोलायचे, मुलगी मला सांगायची. त्यांचं गाव एका अफाट सरोवराच्या काठी. पाण्यात तेलविहिरींचे मनोरे उभे, आणि पार क्षितिजावर विजा लकाकायच्या, पण गडगडाट काठापर्यंत पोचायचाच नाही. शाळा कंपनीची, दवाखाना कंपनीचा, पोहायचा तलावसुद्धा कंपनीचा. पेट्रोल पाण्याहून स्वस्त. बाकी सगळं, अगदी टोमॅटोचा रससुद्धा, बोटीनं परदेशातून यायचं.

"का? तुमच्याकडे टोमॅटो पिकत नव्हते?"

"पिकायचे की. पण पिकवणार कोण? तेलाचा भाव चढला आणि सगळी तरुण माणसं तिकडे गेली. माझ्या वडिलांचा कोकोचा मळा होता. फळं उतरवायला माणूस मिळेना. शेवटी रानच माजलं तिथे."

पुढे भाव कोसळला. बाहेरून माल आणायला देशाकडे पैसा उरला नाही, दुकानांची फडताळं ओस पडली. यंत्रांचे सुटे भाग येईनात, म्हणून विहिरीही एकेक करून बंद पडल्या. पेट्रोलच्या रांगेत ते गाडीतच झोपायचे. हे सांगताना त्यांच्या आवाजात राग नसायचा. पडलेलं स्वप्न सकाळी आठवून सांगावं, तसं सांगायचे.

फेब्रुवारीत आम्ही त्यांना समुद्र दाखवायला बंदराकडे घेऊन गेलो. बारीक बर्फ पडत होतं आणि पाण्याला टेकताच विरघळत होतं. धक्क्याला एक भलंमोठं तेलाचं जहाज लागलं होतं.

"हे कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक आखातातून," मी म्हटलं. "इथे जमिनीत जवळजवळ काहीच निघत नाही."

ते बराच वेळ जहाजाकडे बघत राहिले. टोपीवर, भुवयांवर बर्फ साचलं. मग म्हणाले, "यांना तेल घ्यावंच लागतं, आम्हाला विकावंच लागायचं. भावाची बातमी दोघंही जीव मुठीत धरून ऐकतो." आणि लगेच मुलीला अगदी हळू आवाजात काहीतरी म्हणाले. ती वळून बसथांब्याकडे चालू लागली.

परतताना बसमध्ये तिनं मला सांगितलं, "परत जायचं म्हणतात. मळ्यावर."

"तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? तिथे धड वीज नसते, औषधं मिळत नाहीत. तर म्हणतात, कोकोला वीज लागत नाही, सावली लागते."

तिनं खूप समजावलं, रडली, अबोला धरला. चेरी फुलल्या तेव्हा ते गेले. स्टेशनवर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले आणि जपानीत "आरिगातो", म्हणजे धन्यवाद, म्हणाले. त्यांना येणारा तेवढाच एक शब्द.

आम्ही अजून सेंदाईतच आहोत, आणि ती मैत्रीणही. मधल्या काही वर्षांत तिच्या फोनवर व्हिडिओ यायचे: केळीच्या पानांखाली कोकोची कोवळी रोपं, मग कमरेएवढी, मग पानाआड हरवलेले आजोबा आणि नुसताच त्यांचा आवाज. पहिला बहर बुरशीनं नेला. पुढच्या वेळी मात्र शेजारचे दोघे मदतीला आले आणि त्यांनीही आपापल्या जमिनी साफ करायला घेतल्या.

मागच्या उन्हाळ्यात कुणा ओळखीच्याबरोबर मळ्यावरच्या कोकोच्या दाण्यांची एक लहानशी पिशवी आली. दाणे आम्ही माझ्या कढईत भाजले. ते तडतडू लागले, सालं सुटली. तिनं एक उचलून फुंकर मारली आणि चावला.

"कडू आहे?" मी विचारलं.

"खूप," ती म्हणाली, आणि दुसरा घेतला.