उलटी बसलेली प्लेट

रशीदमिस्त्री गिअरच्या दांड्यावर तळवा ठेवून डोळे मिटतात, तेव्हा गॅरेजातले सगळे गप्प होतात. काल डॉक्टरांची जुनी स्पोर्ट्‌स कार परत आली होती. आठवड्यापूर्वीच मिस्त्रींनी तिची क्लचप्लेट बदललेली, आणि आता गिअर टाकला की करकर.

"गिअरबॉक्स गेला," माझी स्कूटर दुरुस्तीला टाकून तिथेच बसलेल्या मी सांगून टाकलं. घरातला पहिला इंजिनिअर मी, गप्प कसा बसणार?

मिस्त्रींनी इंजिन बंद करून गिअर टाकला. अलगद पडला. इंजिन चालू केलं, पुन्हा करकर.

"गिअरबॉक्स ठणठणीत आहे, डॉक्टरसाहेब. क्लच दाबला तरी सुटत नाहीये. प्लेट माझ्याच हातून उलटी बसली असणार."

गिअरबॉक्सवर ढकललं असतं तर कुणाला कळणार होतं? जुन्या गाडीवर काहीही खपतं. पदवीचा मला अभिमान आहे, तो राहणारच. पण 'माझ्याच हातून चुकलं' हे वाक्य नोकरीत मी एकदाही बोललेलो नाही.

"तुमच्याकडून, मिस्त्री?" डॉक्टरांचा आवाज उतरला.

"हो. उद्या तुमच्यासमोरच उघडतो."

आज प्लेट निघाली, उलटीच होती. मिस्त्रींनी ती पुसून डॉक्टरांच्या हातात ठेवली. डॉक्टरांनी ती दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिली.

"आमच्या धंद्यात हे बोलायला फार जड जातं, मिस्त्री," ते म्हणाले. "बसवा. दुसऱ्या कुणाकडे मी जाणार नाही."