सोमाजीभाऊंनी लिहिलेली ओळ

सोमाजीभाऊ कुणाच्याही ओसरीवर बसले की आधी तोट्याचं बोलत. "हप्ते अर्ध्यातच बंद केले तं भरलेलं सारं परत भेटत नाई जी. बिमारी लपवली तं कागद रद्द होते. हे आयकून घ्या, मंग बाकीचं सांगतो." ऐकणारा तेवढ्यावरच उठून बैलांकडे जाई. अशा रीतीने धंदा करणारा विमा एजंट मी त्याआधी पाहिला नव्हता.

पन्नास सालानंतरची ती वर्षं. मी आरमोरीत नुकताच दवाखाना थाटला होता. विमा उतरवणाऱ्याची तपासणी करून कंपनीच्या फॉर्मवर सही करण्याचं काम माझ्याकडे असे. सोमाजीभाऊ बहुतेक वेळा एकटेच येत, पाणी पीत आणि पुढच्या गावाला निघत. मास्तरकी सोडून ते या धंद्यात आले होते. धानाच्या बांध्यांवरून सायकल खांद्यावर घेऊन जात, जंगलातल्या पाड्यांपर्यंत पोचत. एका बाईने त्यांना दारातूनच हाकललं होतं, "माया मालकाच्या मरनाची गोष्ट घेऊन येता?" दुसऱ्या दिवशी ते त्याच गावात, तिच्याच शेजारच्या ओसरीवर जाऊन बसले.

वर्ष सरत आलं आणि कंपनीचं पत्र आलं. होळीपर्यंत नवा विमा आला नाही, तर एजन्सी रद्द. ते पत्र सोमाजीभाऊंनी माझ्या टेबलावर ठेवलं. घरी तीन मुली होत्या, बायको लोकांकडे धान कांडायला जात होती. "शाळेत आता परत घेत नाई, डाक्टरसाहेब," ते म्हणाले. "अन् मले दुसरं काई येत नाई."

त्याच आठवड्यात ते नारायणला घेऊन आले. नारायण त्यांचा लहानपणापासूनचा मैतर, बांबूच्या तोडणीवर मुकादम होता. मी त्याची छाती तपासली. खास काही ऐकू आलं नाही, आणि एक्स-रेचं यंत्र आरमोरीत नव्हतं. मी सही करायला पेन उचललं. फॉर्मच्या शेवटच्या पानावर एजंटासाठी एक प्रश्न असे: अर्जदाराच्या प्रकृतीविषयी आपणांस काही ठाऊक आहे काय? तिथे सोमाजीभाऊंचा हात थांबला.

"लिव ना, काई नाई म्हनून," नारायण म्हणाला.

"नाऱ्या, तुया खोकल्यातून रक्त पडते."

"म्हनून तं आलो बे! मी गेल्यावर माया लेकराइले कोन पायन? तुयी एजंटी बी वाचते. कोनाचं काय जाऊन राह्यलं?"

मी मध्ये बोललो. आज सांगायला लाज वाटते, पण बोललो. "मला काही ऐकू आलेलं नाही, सोमाजीभाऊ. मी तसंच लिहितो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून मास्तराच्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'खोकल्यातून रक्त पडते.' नारायण उठला. "तू माया मैतर नाईस," एवढंच बोलून तो बाहेर पडला. सोमाजीभाऊ टेबलावर डोकं टेकून मोठ्याने रडले.

दोन दिवसांनी त्यांनी सायकल विकली आणि नारायणला हातापाया पडून नागपूरच्या इस्पितळात नेलं. महिनाभर ते तिथल्या व्हरांड्यात राहिले. फार उशीर झाला होता. पावसाळ्यात धानाची रोवणी सुरू व्हायच्या आत नारायण गेला.

त्याच्या घरी मी सोबत गेलो होतो. त्याची बायको यशोदाबाई उंबऱ्यात बसली होती. "एक ओळ नसती लिवली तं तुमचं काय जात होतं, भाऊजी?" तिने विचारलं. परतताना सोमाजीभाऊ म्हणाले, "तिचं खरं हाये."

"मग?"

"मायं लिवनं बी खरं हाये. दोन्ही खरं असन तं मानसानं कुठी जावं जी?"

नारायणचा विमा झाला नाही, त्यामुळे एजन्सी गेलीच होती. दुसऱ्या एका कंपनीच्या दारात महिनोन् महिने बसून त्यांनी ती नव्याने मिळवली आणि पायी फिरू लागले. त्यांचं पहिलं गिऱ्हाईक म्हणून नारायणचा थोरला भाऊ माझ्या दवाखान्यात आला, तेव्हा मी चकित झालो. तो म्हणाला, "यानं जिवाच्या दोस्तासाठी खोटं नाई लिवलं. मंग याचा कागद उद्या कोनी खोटा नाई ठरवनार." त्याच्या मागून त्याचं गाव आलं, मग आजूबाजूची. पुढे पुढे माझ्या बाकावर बसायला जागा नसे. सोमाजीभाऊंची बायको धान कांडायला जायची थांबली. यशोदाबाईंकडे ते दर महिन्याला स्वतः तांदूळ पोचवत. ती पोतं घेई, पण त्यांच्याशी बोलत नसे.

मी आरमोरी सोडली त्या दिवशी ते स्टँडवर आले. इतक्या वर्षांत न विचारलेलं मी विचारलं, "पुन्हा तशीच वेळ आली तर?"

कंडक्टरने घंटी दिली तेव्हा ते खिडकीशी येऊन म्हणाले, "लिवीन जी. पन आता लिवाच्या आधी नाऱ्याचे लेकरं दिसतीन."

गाडी हलली. निरोपाचा हात वर करायचं त्यांना सुचलंच नाही. ते तसेच धुळीत उभे राहिले.