न दिसणारा मेन्यू

पवित्रा निपाणीची. कॉलेजात असताना तिची नजर गेली. नातेवाइकांनी तिच्यासाठी टेलिफोनवर बसायची नोकरी शोधली. ती नाकारून तिने बेंगळुरू गाठलं. आता एचएसआर लेआउटमधल्या एका कंपनीत ती वेबसाइट तपासते. अंध माणसाला त्या वापरता येतात का, हे पाहणं तिचं काम.

ग्राहक दोन्ही वापरतात म्हणून तिच्या कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. चालू करताच कोणतं हवं ते विचारणारा मेन्यू येतो. पण स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज सुरू होतो त्याच्यानंतर.

"रोज सकाळी कुणीतरी बटण दाबून देईल," मशीनं सांभाळणारे बिंदुमाधव म्हणाले. बेंगळुरूतल्या जुन्या मराठी घरातला माणूस, बोलण्यात कन्नड मिसळलेलं. "त्यात काय एवढं?"

"अण्णा, तुमचं बटण रोज कोण दाबून देतं?"

तिने एस. पी. रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून चिमुकला बझर आणून मशीनच्या आत बसवून घेतला. मेन्यूत दोनच ओळी ठेवल्या आणि तो उघडताच बझर वाजेल अशी सेटिंग केली. वाजला की एंटर दाबायचं, लिनक्स. खालचा बाण दाबून एंटर, विंडोज.

छान चाललं होतं. मग एका सोमवारी बझर वाजलाच नाही, थेट विंडोज बोलू लागलं. बिंदुमाधवांनी शनिवारी टाकलेल्या विंडोजच्या अपडेटने मेन्यूला बाजूला सारून विंडोजचा पहिला नंबर लावला होता.

"लिनक्स काढूनच टाकू," ते म्हणाले. "डोक्याला ताप नको."

"हात लावू नका."

"स्वल्प ऐक, थोडं ऐक माझं. चुकलं तर मशीन सुरूच होणार नाही."

"नाही तर नाही. चूक माझी असेल."

शेजारची प्रणिता उठली. "मी वाचून दाखवू?"

"नको गं. मशीन वाचतंय की."

मेन्यूला पुन्हा पहिला नंबर देणारी कमांड तिने टाइप केली. मशीनने नाकारली. पुन्हा केली, पुन्हा नकार. मागे बिंदुमाधव उभेच होते, त्यांचा श्वास तिला ऐकू येत होता. तिने एकेक अक्षर ऐकलं. एक कंस राहिला होता. तो घातला, मशीन बंद करून चालू केलं. बझर असा वाजला की प्रणिता दचकली.

"सरी, ठीक आहे, जमलं," बिंदुमाधव म्हणाले. "पुढच्या अपडेटला पुन्हा हेच होईल."

"पुन्हा करीन. पण अपडेट मला विचारून टाकायचं."

"तुला विचारून? मशीन ऑफिसचं आहे."

"त्याच्यावर बसते मी."

ते तणतणत निघून गेले. पुढच्या महिन्यात मात्र एका शुक्रवारी तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"अपडेट आलंय. टाकू?"

"आज नाही," पवित्रा म्हणाली. "सोमवारी, मी समोर असताना."